कृपया नावे बदलू नयेत

माझ्या गाळणीला कुणी हळू म्हटलं की माझं डोकं फिरायचं. आणि त्या महिन्यात तर जो उठतो तो तेच म्हणत होता.

गाळणी म्हणजे काय ते आधी सांगते. वेबसाइट करायची तर कुणी पायापासून खणत बसत नाही. बराचसा सांगाडा तयार मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. आमचं फ्रेमवर्क ओपन सोर्स आहे, म्हणजे कुणीही फुकट वापरावं, कुणीही त्यात भर घालावी आणि कुणीही येऊन खोड काढावी. जगभरातली काही माणसं आपापली नोकरी करून फावल्या वेळात ते सांभाळतात. त्यातला एक तुकडा माझा. पानावर जे अक्षर उमटणार ते आधी माझ्या तुकड्यातून जातं. कुणी नावाच्या रकान्यात नावाऐवजी काही खोडसाळ मजकूर घुसवला असेल तर तो तिथेच अडतो. त्याचं इंग्रजी नाव बरंच रुबाबदार आहे, पण मी मनात त्याला गाळणीच म्हणते.

ही गाळणी लिहिली तेव्हा मला नोकरी नव्हती. मुलगी लहान, सासऱ्यांचं दुखणं, त्यात सात वर्षं घरी गेली. डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दुपारी सगळे झोपले की, मी ती ओळ-ओळ करून उभी केली. पुढे घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या माणसाने माझा बायोडाटा बाजूला ठेवला आणि म्हणाला, हे तुम्ही लिहिलंय? त्यावर मला नोकरी लागली. त्यामुळे गाळणीला कुणी बोललं की मला बोलल्यासारखंच वाटायचं, आणि मी तशीच अंगावर जायचे.

तर त्या महिन्यात कुणीतरी सगळ्या फ्रेमवर्कांची तुलना करणारा एक तक्ता टाकला होता आणि त्यात आमचा नंबर जवळजवळ शेवटचा होता. आमच्या चर्चेच्या पानावर लगेच दोन तट पडले. एक म्हणे, वेग नाही तर लोक निघून जातील. दुसरा म्हणे, वेगासाठी सुरक्षितता सोडायची का? मी दुसऱ्या तटात, आणि सर्वांत पुढे. भरीला माझं नाव मुख्य गटात घ्यायचं ठरत होतं. मुख्य गट म्हणजे पाच-सहा जण, फ्रेमवर्कमध्ये काय जाईल आणि काय नाही ते ठरवणारे. महिनाअखेरच्या बैठकीत त्यावर निर्णय होणार होता. मी रोज सकाळी उठल्या उठल्या फोन बघायचे.

तशात ती तक्रार आली. कंपनीची बस कापूरबावडीला अडकली होती, म्हणून मी ती उघडली. भाषा इंग्रजी, पण सरकारी अर्जाची. सविनय सादर करण्यात येते की, अशा थाटाची. एका विहारात मुलामुलींसाठी अभ्यासिका आहे. रोज सकाळी सहा वाजता वेबसाइटवर त्या दिवसाच्या जागा खुल्या होतात. सहा वाजता सगळे एकदम येतात आणि पान उघडतच नाही. पान उघडलं नाही की जुनी पद्धत: जो दारात उभा, त्याला जागा. मग जवळ राहणाऱ्यांना मिळते आणि लांबून येणाऱ्या मुलींची जाते. त्यातही सोबतच्या यादीतली सात क्रमांकाची विद्यार्थिनी, जी विठ्ठलवाडीहून दोन रिक्षा बदलून येते, तिची वारंवार जाते. सबब तातडीने लक्ष घालावे. सोबत नमुना म्हणून चाळीस नावांची यादी आणि अभ्यासिकेचे नियम, सगळं मराठीत. आणि शेवटी एक ओळ: कृपया नावे बदलू नयेत.

यादीत गावं होती. आंबिवली, शहाड, टिटवाळा, विठ्ठलवाडी. म्हणजे माझ्या घरापासून स्कूटरवर जाण्याच्या अंतरावरची.

मला आनंद व्हायला हवा होता. मला धडकी भरली. मी तिथल्या माझ्या प्रोफाइलमध्ये गाव लिहिलेलं नाही, फोटो लावलेला नाही. तिकडे मी म्हणजे नुसती चार अक्षरं आहे, आणि त्या चार अक्षरांना बाई आहे का, डोंबिवलीत राहते का, मध्ये सात वर्षं कुठे होती, असलं कुणी विचारत नाही. मला ते आवडायचं. आणि आता हा इथलाच कुणी गळ्यात पडणार, मॅडम तुम्ही आपल्याच का, असं सगळ्यांसमोर विचारणार. मग मी त्याच्या बाजूने बोलले तरी पंचाईत, विरुद्ध बोलले तरी पंचाईत. मी ठरवलं, ओळख दाखवायची नाही.

घरी येऊन मी त्याचा नमुना मोजायला घेतला. आणि पहिलं काम काय केलं, तर नावं बदलली. खऱ्या मुलींची नावं अशी चव्हाट्यावर नकोत, हे एक कारण. ते खरंही होतं. दुसरं कारण असं की मुख्य गटातल्या परदेशी माणसांना ती अक्षरं वाचता येणार नाहीत, चर्चा उगाच अवघड होईल. म्हणून मी सगळं इंग्रजीत केलं. विद्यार्थी एक, विद्यार्थी दोन. गावांच्या जागी गाव अ, गाव ब. नियमांच्या जागी आम्ही नेहमी भरतो तो इंग्रजी भरताड मजकूर. मग मोजलं. पान चुटकीसरशी आलं. एकाच वेळी शंभर जण आल्याचं नाटक करून पाहिलं, तरी आलं.

मी आकडे टाकले आणि वर लिहिलं की दोष आमच्याकडे दिसत नाही, आपला सर्व्हर तपासावा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: नावे न बदलण्याविषयी विनंती करण्यात आली होती. बस, एवढंच. मला तो सूर असा लागला की विचारू नका. कुठल्यातरी कचेरीतला मोठा बाबू बसलाय आणि मी त्याच्या खिडकीशी उभी आहे, असं वाटलं. एक तमिळ लिहिणारा मध्येच म्हणाला की मलाही असंच होतं. मी त्यालाही झटकलं. हे सगळे तो तक्ता वाचून आलेत, असं माझं ठाम मत झालं होतं. मी लिहिलं, पुरावा असेल तर द्या, नसेल तर सगळ्यांचा वेळ वाचवा. इंग्रजीत ते फार सभ्य दिसतं. आणि मी तक्रार बंद केली. वेगवाल्या तटाला उत्तर मिळालं म्हणून आमच्या बाजूच्या चौघांनी पसंतीचे अंगठे उमटवले.

बंद तक्रारीतही लिहिता येतं. त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, मी डब्याच्या पोळ्या लाटत असताना, फोन वाजला. तारीख, आणि पुढे: सात क्रमांकाची जागा आज गेली.

तिसऱ्या दिवशी: आज गेली. चौथ्या दिवशी: आज मिळाली. मग पुन्हा गेली, गेली. रोज साडेसहाला, एक ओळ, कधी त्यावर एक शब्द जास्त नाही. मी ते पान गप्प करून टाकू शकले असते, एक बटण दाबायचा अवकाश होता. पण मी दाबलं नाही. उलट सव्वासहापासून माझं लक्ष फोनकडे असायचं. मिळाली असं आलं की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याचा राग यायचा.

नवरा म्हणाला, "अगं, सोड ना आता. फुकटचं काम ते, त्याचं एवढं टेन्शन कशाला घेतेस?"

"फुकटचं नाहीये ते."

"बरं बाबा, नाहीये. पण पोळी करपतेय."

असे अकरा-बारा दिवस गेले आणि एके दिवशी ओळ आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी सात वाजेपर्यंत फोन हातात घेऊन बसले. सुटलं असेल, मी स्वतःला म्हटलं. त्याला त्याची चूक सापडली असेल आणि लाज वाटून गप्प बसला असेल. पण मला ते पटत नव्हतं. तक्रार करणारा माणूस गप्प झाला की जास्त भीती वाटते हे मला तेव्हा कळलं. बैठक तीन दिवसांवर आली होती. रविवारी पहाटे मी स्कूटर काढली.

पत्रीपूल, कल्याण, शहाडचा पूल, आणि तिथून आंबिवली. थंडी होती आणि हात हँडलवर आखडले होते. अभ्यासिकेच्या साइटवर पत्ता होता, विहार शोधायला वेळ लागला नाही. पत्र्याच्या शेडला पंचरंगी पताका, शेजारी एकमजली नवी खोली, तीच अभ्यासिका. दारात पंधरा-वीस मुलं-मुली स्वेटर-शाली घेऊन उभी, सगळ्यांच्या हातात फोन आणि सगळ्यांच्या फोनवर ते गोल गोल फिरणारं चक्र. मी ऑफिसात बसून त्या चक्रावर महिनाभर भांडत होते, आणि असं एका ठिकाणी पंधरा वेळा फिरताना पहिल्यांदा बघत होते.

एक गृहस्थ पुढे आले. साठीचे, पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी घाईघाईत सांगून टाकलं की भाचीसाठी जागेची चौकशी करायला आलेय. मला भाची नाही.

"या ना मॅडम," ते म्हणाले. "साइट मीच बघतो. आयटीआयमध्ये निदेशक होतो, वायरमन शिकवायचो. रिटायर झाल्यावर हे शिकलो. व्हिडिओ बघून बघून."

म्हणजे तो बाबू हा होता. अख्खा जन्म सरकारी अर्ज लिहिण्यात गेला होता आणि त्यांना इंग्रजी तेवढंच येत होतं. मी ज्याला उर्मटपणा समजत होते ती त्यांची अदब होती.

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष आले, काखेत लांबोडी वही. "काय सर, आजपण झोपली का तुमची साइट?" ते म्हणाले. "मी बोलतो तुम्हाला, वहीच बरी. एक तारखेपासून वही चालू करतो मी. आता नाय ऐकणार."

अध्यक्षांनी दारातल्या मुलांची नावं वहीत लिहून घ्यायला सुरुवात केली. मी विचारलं, साइटला झालंय तरी काय?

"माझंच काहीतरी चुकतंय," सर म्हणाले. "मी तिकडे कळवलं होतं, ज्यांचं सॉफ्टवेअर आहे त्यांना. तिकडे एक साहेब आहेत, फार हुशार. त्यांनी स्वतः मोजून दाखवलं, त्यांच्याकडे पान लगेच येतं. मग दोन आठवडे मी माझी सगळी वायरिंग पुन्हा तपासली. चूक सापडत नाही, हाच माझा अडाणीपणा." मग त्यांनी खिशातून फोन काढला. "हे बघा, गंमत दाखवतो. हेच पान मी इंग्रजीत टाकून ठेवलंय, तपासायला. हे धावतं. आणि हे मराठीतलं. बघा. म्हणून मी त्यांना लिहिलेलं, नावं बदलू नका म्हणून. पण त्यांना ते नीट सांगता आलं नाही मला."

मी ते पान बघत उभी राहिले. त्यांनी पहिल्याच दिवशी, पहिल्याच कागदावर उत्तर लिहून दिलं होतं आणि मी ते पुसून मग मोजत बसले होते. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की ते साहेब मीच. मी सांगितलं नाही. सात क्रमांकाच्या मुलीचं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण ते विचारलं असतं तर मला ते कसं माहीत, हेही सांगावं लागलं असतं. भाचीला विचारून कळवते म्हणाले आणि पळाले.

घरी येऊन चप्पल न काढता लॅपटॉप उघडला. त्यांची मूळ यादी, मूळ नियम, जसेच्या तसे भरले. पान येईना. मी बघत बसले, आणि ते यायच्या आत मला गॅसवर चहाचं आधण ठेवून परत येता आलं. मग मी माझीच गाळणी उघडून आतली ओळ शोधली. इंग्रजी अक्षर आलं की गाळणी सरळ पुढे जायची. दुसऱ्या कुठल्या लिपीतलं अक्षर आलं की ती खात्री करायला ओळीच्या सुरुवातीला परत जायची आणि तिथून पुन्हा तपासत यायची. दर अक्षराला. दोन शब्दांचं नाव असेल तर कळणारही नाही. पण नियमांचा अख्खा परिच्छेद असेल आणि चाळीस जण एकदम आले असतील तर सर्व्हर बसलाच. त्या ओळीशेजारी एक टीप होती, माझ्याच हातची, त्या दुपारच्या दिवसांतली: इंग्रजीखेरीज मजकूर क्वचितच येईल, पुढे कधीतरी सुधारणे.

डोंबिवलीत, मराठी घरात, मराठीत विचार करत बसून मी ते लिहिलं होतं. आणि त्यानंतर इतक्या वर्षांत मी गाळणीच्या शेकडो चाचण्या घेतल्या, पण एकदाही त्यात माझं स्वतःचं नाव मराठीत टाकून बघितलं नाही. मला रडू आलं. त्याहून जास्त भीती वाटली, कारण बुधवारी बैठक होती. आता बोलले तर मुख्य गट गेला. न बोलता गुपचूप दुरुस्त केलं तर कुणाला कळणारही नव्हतं. सुधारणा, किरकोळ, असं लिहून रोज कितीतरी बदल आत जातात. दोन दिवस मी हा हिशोब मनात करत होते, हे कबूल करते.

बुधवारी संध्याकाळी पडद्यावर सगळे चौकोन उघडले. आमचा प्रमुख एका थंड देशातला, त्याच्याकडे दुपार होती. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की महिनाभर आपण ज्यावर भांडलो त्यात निदान या एका बाबतीत दोष माझा आहे. तक्रार खरी होती, मी नमुना बदलून मोजलं आणि माणसाला खोटं पाडलं. वेगवाल्या तटातला एक जण हसला, किंवा मला तसं वाटलं. प्रमुख म्हणाला, सापडलं हे चांगलं झालं, दुरुस्ती लगेच जाऊ दे. आणि तुमच्या नावाचं पुढच्या वेळी बघू. मी हो म्हटलं आणि कॅमेरा बंद केला.

दुरुस्ती अगदी छोटी होती. वेळ लागला तो चाचणीला. चाळीस नावं मी बदलली, पण मराठीतच. नियम जसेच्या तसे ठेवले, मोबाईल बंद ठेवावा, खुर्ची सरकवताना आवाज करू नये, सगळे. सात क्रमांकाला वेगळं नाव दिलं, गाव मात्र विठ्ठलवाडीच ठेवलं. आता फ्रेमवर्कची कुठलीही नवी आवृत्ती निघण्याआधी ती यादी गाळणीतून जाते. मग बंद तक्रार पुन्हा उघडून मी तिथे, सगळ्यांसमोर, मराठीत माफी मागितली. तिकडून इंग्रजीत उत्तर आलं: पोच देण्यात येत आहे, आभारी आहे.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. सात वाजत आले होते आणि दारात कुणी उभं नव्हतं. आत दिवे लागलेले, मुलं बसलेली. अध्यक्षांची वही टेबलावर बंद होती. सर बाहेर आले आणि मला ओळखून हसले. "या मॅडम. भाचीला आणलं नाही?"

"सर, मला भाची नाही," मी म्हटलं. "तुमचे ते साहेब मीच."

ते आत जाऊन एक खुर्ची घेऊन आले, माझ्यासमोर ठेवली, रुमालाने पुसली. "मराठीत लिहिलंत तेव्हा वाटलं, आपलंच कुणीतरी अमेरिकेत असेल," ते म्हणाले. "कुठे असता?"

"डोंबिवलीला."

"डोंबिवलीला," ते म्हणाले. "मग फोन करायचा ना मॅडम. मीच आलो असतो."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चहा सांगितला. मी आत डोकावून उगाचच भिंतीकडेच्या खुर्च्या मोजल्या. सातव्या खुर्चीवर चष्मा लावलेला एक मुलगा वाचत होता.

"तुम्ही रोज लिहायचात," मी म्हटलं. "मग एकदम थांबलात का?"

"लिहायला काही राहिलं नाही ना." त्यांनी पेन खिशातून काढलं आणि पुन्हा खिशाला लावलं. "ती यायचीच थांबली. उल्हासनगरला कपड्याच्या दुकानात लागली. तिच्या घरच्यांचं तरी काय चुकलं, रोज सकाळी तयार होऊन बसायचं, जागा मिळाली तर जायचं, नाहीतर घरी. किती दिवस थांबतील?"

"तिला कळवलंत का? आता साइट चालते म्हणून?"

"त्याच दिवशी. तुमची दुरुस्ती टाकली आणि पहिला मेसेज तिला केला." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. खाली दोन निळ्या खुणा होत्या.

"मग?"

"बघितलाय तिने," सर म्हणाले.